काकूला विनोद कळत नाही

त्या घरात जेवायला बसणं म्हणजे आखाड्यात उतरणं होतं. ताटं वाढून झाली की आजोबा चमच्याने पेला वाजवायचे आणि मग प्रत्येकाने दिवसभरातली एक गंमत सांगायची. जिच्यावर सगळ्यात जास्त हशा ती गोष्ट जिंकली. जिच्यावर सगळ्यात कमी, तिच्या मालकाने भांडी घासायची. नियम आजोबांनीच केला होता, आणि उभा जन्म शहरातली बस चालवल्यामुळे त्यांच्याकडे गमतींचा साठा इतका होता की नियम केल्यापासून त्यांचे हात ओले झालेले कोणी पाहिले नव्हते.

भांडी काकू घासायची. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून, पाहुणे असोत नसोत, अंगात ताप असो नसो, भांडी काकूचीच. काकू चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि गोष्टही तशीच सांगायची. "एक गृहस्थ आले. माझा चष्मा हरवला म्हणाले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी सांगितलं. ते गेले." संपली गोष्ट. हाच माल तिच्या दिरांच्या हाती लागला असता तर त्यांनी त्या गृहस्थाला टेबलाखाली रांगायला लावलं असतं, दुकानाच्या मालकाला शिडीवर चढवलं असतं आणि घराला श्वास घेऊ दिला नसता. पण काकूकडे तो गृहस्थ यायचा आणि जायचा.

बरं, स्वतःची गोष्ट पाडली तर पाडली, तिला दुसऱ्यांच्याही पाडायची खोड होती. थोरले दीर, म्हणजे घरातले सगळ्यांचे दादा, नळदुरुस्तीची कामं करायचे. एकदा कोणाच्या तरी न्हाणीघरात नळ हातात आला आणि आपण कसे नखशिखांत भिजलो ते सांगता सांगता ते ऐन रंगात आले, तर काकूने विचारलं, "पण दादा, तुम्ही आधी मुख्य चावी बंद का नाही केली?" हसू जागच्या जागी गतप्राण झालं. तेव्हापासून आजोबांनी तिचं नाव ठेवलं 'ब्रेक'. बस चालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

घराचा हुकमी एक्का म्हणजे दादांची मुलगी. सहावीत होती. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं, म्हणून तिला रेडिओ म्हणायचे. आवाज असा खणखणीत की तिने स्वयंपाकघरातून मीठ मागितलं तर शेजारीण मीठ घेऊन यायची. त्यातून नकला करण्यात कोणाला ऐकायची नाही. गेल्या वर्षभरात आजोबा दुसऱ्या नंबरवर घसरले होते आणि त्यांना त्याचा कोण अभिमान!

रेडिओच्या गमती शाळेतल्या असायच्या. सगळ्यात गाजलेली गोष्ट लाईटची. ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरचा एक लांबट मुलगा ताडकन उठतो, "लाईट लावा रे, लाईट लावा!" असं ओरडत भिंतीकडे धावतो आणि भर उन्हात खटाखट सगळी बटणं दाबतो. "माझ्यामुळे शाळेचं वीजबिल वाढलंय," रेडिओ कमरेवर हात ठेवून सांगायची. "मोठ्या बाई मला बक्षीस देणार आहेत, वीज मंडळाकडून!" घर लोळायचं. दादांना तर ती गोष्ट इतकी आवडली की रेडिओ खोलीत आली की तेही उठून बटण दाबायला लागले. खट! आणि बापलेक हसायचे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे घर दोन पिढ्यांपूर्वी दूरच्या मुलखातून या शहरात आलेलं. शहर गोऱ्या कातडीचं, घर काळ्या. गर्दीतही लांबूनच ओळखू यायचं. लोक कधी नाक मुरडायचे, कधी काही बोलायचे. त्यावर आजोबांनी एक तोडगा काढला होता: आपण आधी हसून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याला हसायला काही शिल्लक राहत नाही. सगळं घर त्या तोडग्यावर पोसलं गेलं होतं. फक्त बाहेरून आलेल्या काकूच्या तो अंगी लागला नव्हता, आणि तिला विनोद कळत नव्हता.

त्या दिवशी रेडिओला ताटावर बसायच्या आधीच हसू फुटत होतं. उन्हं कलली होती, खिडकीतून अजून बराच उजेड होता. आजोबांनी पेला वाजवला आणि रेडिओ उभीच राहिली.

शाळेच्या संमेलनात सूत्रसंचालन तिच्याकडे आलं होतं, हे घराला ठाऊक होतं. वहिनी, म्हणजे तिची आई, बेकरीत पाव भाजता भाजता येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत सुटल्या होत्या. आता तालमी सुरू झाल्या होत्या. तर झालं असं, की गाण्याच्या बाईंनी स्टेजवर उभी केली वर्गातली एक कुरळ्या झुलपांची मुलगी. तिने नुसते ओठ हलवायचे. आणि माईक घेऊन पडद्यामागे कोण? तर रेडिओ!

"मी म्हणाले, 'रसिक श्रोतेहो'. तिने ओठ हलवले, झकास. मी म्हणाले, 'आजच्या या मंगल प्रसंगी', आणि मला आली शिंक." रेडिओने भिंत हलेल अशी शिंक दिली. "आता ती बिचारी काय करणार? आवाज तर आला! तिने जरा थांबून, अशी गोड मान वेळावून, शिंकल्यासारखं केलं. पण शिंक कधीच निघून गेली होती!"

दादांना ठसका लागला.

"मला हसू आलं. माईकमधून हसू गेलं. तिने हसल्यासारखं केलं. मग माझा कागद खाली पडला, मी म्हणाले, 'अय्या, कुठे गेला मेला!' तर तिने दोन्ही हात पसरून प्रेक्षकांना विचारलं, कुठे गेला मेला!"

आजोबांची मुरकुंडी वळली. वहिनी पदराने डोळे पुसत दाराला टेकल्या. काकूचा नवरा चमचा टेबलावर आपटत सुटला. भांडी कोण घासणार हा प्रश्न नेहमीप्रमाणे निकालात निघाला होता.

"पण तू पडद्यामागे का होतीस?" काकूने विचारलं.

"लागला ब्रेक!" आजोबा हसता हसता कळवळले.

"काकू, पुढे ऐक ना, अजून उचकीचं राहिलंय."

"ऐकते. पण आवाज तुझा. पाठांतर तुझं. मग समोर ती का?"

"कारण ती फोटोत छान येते."

"आणि तू?"

रेडिओने गाण्याच्या बाईंचा आवाज काढला, नाकातला, लाडिक. "'तू स्टेजवर दिसणारच नाहीस गं राणी! मागचा पडदा काळा आहे!'" आणि सवयीप्रमाणे हशासाठी थांबली.

दादांच्या तोंडून अर्धं हसू बाहेर पडलं. उरलेलं अर्धं आतच राहिलं.

"पडदा काळा आहे, म्हणून तू दिसणार नाहीस," काकू म्हणाली. "मला नाही कळलं. पडद्याचा आणि तुझा काय संबंध?"

आता काकू काही मुद्दाम करत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. दुकानात ती हेच करायची. नेहमीची गिऱ्हाइकं तक्त्यावरची अक्षरं धडाधड म्हणून दाखवायची आणि ती शांतपणे विचारायची, "दिसतंय की पाठ आहे?" पण या वेळी विचारता विचारताच तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि तिने घास खाली ठेवला.

"आणि ते लाईटचं," ती म्हणाली. "तेही मला तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही सगळे हसत होता, म्हणून विचारलं नाही. भर उन्हात तो मुलगा लाईट का लावतो?"

"मी आत आले की..."

"हं."

"अंधार होतो. म्हणून."

कोणी हसलं नाही. रेडिओने एकेकाकडे पाहिलं. तिची गोष्ट पडली होती, आयुष्यात पहिल्यांदा.

"आणखी काय म्हणतात?" काकूने विचारलं.

मग रेडिओने सांगितलं. नक्कल न करता, बसून, ताटाकडे बघत. माझ्या हाताला बोट लावतात आणि रुमालाला पुसतात. तुमच्याकडे आरसे असतात का, की भीती वाटते, असं विचारतात. तुझ्या मुलखात परत कधी जाणार म्हणतात. मी म्हटलं माझा जन्म इथलाच, चौकातल्या दवाखान्यातला, तर म्हणतात, मग त्या दवाखान्यात लाईट गेली असेल. हे सगळं अशा बारीक आवाजात, की घराला कान द्यावे लागले. त्या घरात रेडिओसाठी कान द्यावे लागण्याची वेळ कधी आली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस गं?" वहिनींचा आवाज फुटला.

"सांगितलं की," रेडिओ म्हणाली. "रोज सांगत होते."

दादा आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले होते. त्याच हाताने ते रोज बटण दाबत होते.

मग आजोबा बोलले. "माझ्या बसला लोक चढायचे नाहीत, सूनबाई. सुरुवातीची गोष्ट. दार उघडायचो, माझ्याकडे बघायचे आणि मागच्या बसची वाट बघत उभे राहायचे. घरी येऊन मी सांगायचो, 'आज काय थाट होता! अख्खी बस मोकळी, राजासारखी चालवली.' ही पोरं हसून हसून लोळायची." त्यांनी पेला उचलला आणि पाणी न पिताच ठेवला. "मीही हसायचो. काय हसण्यासारखं होतं त्यात, देव जाणे."

बोलता बोलता बाहेर अंधारून आलं होतं. खोलीत कोणाचं ताट कुठे हे दिसेना. पण बटणाला हात लावायची कोणाची छाती होईना. दादा उठल्यासारखे करायचे आणि परत बसायचे. काकूच्या नवऱ्याने अंधारात आमटी समजून पाण्यात पाव बुडवला आणि मुकाट्याने खाल्ला. एवढी फर्मास फजिती, पण ती सांगायची सोय नव्हती.

शेवटी काकू उठली. "अंधार पडला की लाईट लावतात," ती म्हणाली. "दुसऱ्या कशासाठी लावत नाहीत." आणि तिने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दादा काम सोडून शाळेत गेले. जाताना डोळ्यांत रक्त उतरलं होतं. परत आले ते चोरासारखे, चपला हातात घेऊन.

"काय म्हणाल्या मोठ्या बाई?" वहिनींनी विचारलं.

"हसल्या."

"हसल्या?"

"मी शिंकेपासून सुरुवात केली. ती गोष्ट तिथूनच सुरू होते ना! मग त्या हसल्या, म्हणून मी जरा रंगवली. मग शिपाई बघायला आला, त्याला परत पहिल्यापासून करून दाखवली. मला चहा दिला. बिस्किटं दिली. म्हणाल्या, मुलगी कोणावर गेलीय ते आज कळलं."

"आणि तक्रार?"

"ती राहिली," दादा म्हणाले आणि मटकन खाली बसले.

हे असं होणारच होतं. या घराला दुःख सांगायची एकच रीत ठाऊक होती, आणि ती ऐकून लोक चहा द्यायचे. मग आजोबांनी तालीम काढली. ते स्वतः मोठ्या बाई झाले, काकूच्या दुकानातला एक जुना चष्मा नाकाच्या टोकावर लावून. वहिनी तक्रार करायला उभ्या राहिल्या. चांगल्या बोलत होत्या, पण दुसऱ्याच वाक्याला रडू आलं, आणि रडताना आपण कशा दिसतो याची त्यांनी आपसूक नक्कल केली. काकूच्या नवऱ्याने अगदी गंभीर चेहरा केला. तो गंभीर चेहरा बघूनच आजोबांच्या नाकावरचा चष्मा खाली पडला. दादांना परत उभं केलं, तर त्यांना शिंक आली, ही मात्र खरी, आणि घराचा पुरता फज्जा उडाला. सगळे पोट धरून हसत होते आणि सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

हसू ओसरलं तेव्हा मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता. एक भांडं, मग दुसरं भांडं, कोणतीही घाई नाही. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"ब्रेक!" आजोबा कुजबुजले, आणि देव सापडल्यासारखे हात जोडले.

काकू शाळेत जायला हो म्हणाली. पण आधी रेडिओला विचारीन म्हणाली.

रेडिओ फडक्याने ताटं पुसत होती. "नको ना काकू. तू गेलीस की सगळे म्हणतील, हिला गंमत कळत नाही."

"मला सगळे तेच म्हणतात," काकू म्हणाली. "काही होत नाही. भांडी घासावी लागतात."

रेडिओला हसू आलं आणि तिने ते ताटात लपवलं.

"तुला पडद्यामागे बरं वाटतं?" काकूने विचारलं. "तसं असेल तर तसं सांग. मी नाही जात."

रेडिओने एकच ताट तीनदा पुसलं. "मला समोर यायचंय," ती म्हणाली. "आवाज माझा आहे ना! टाळ्या वाजतात तेव्हा ती कमरेत वाकते. मी मागे अंधारात वाकते. कोणाला दिसत नाही, तरी वाकते."

काकूने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं, नाहीतर त्याला भोक पडलं असतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत काकू खुर्चीच्या कडेवर बसली, रेडिओ शेजारी. मोठ्या बाईंनी हसूनच स्वागत केलं. कालचं हसू अजून शिल्लक होतं.

"तुमचे दीर म्हणजे अगदी वल्ली हो!"

"हो," काकू म्हणाली. "पण त्यांचं सांगायचं राहिलं. ही वर्गात आली की एक मुलगा लाईट लावा म्हणून ओरडतो आणि बटणं दाबतो. रोज. बाकीचे हसतात. बाई वर्गात असल्या तरी करतो."

"अहो, मुलं ती! गंमत करतात."

"हो का? मला गंमत कळत नाही, घरी सगळ्यांना माहीत आहे. जरा समजावून सांगता? दिवसा लाईट कशासाठी लावायची?"

मोठ्या बाई हसल्या. "म्हणजे ही आत आली की... ही जरा..."

"जरा काय?"

"म्हणजे त्यांना म्हणायचं असेल..."

काकूने वाट पाहिली. वाट पाहण्यात तिचा हात कोणी धरला नसता. लोक तक्त्यावरचं अक्षर शोधत राहायचे आणि ती गप्प उभी राहायची, घाई करायची नाही आणि उत्तरही सुचवायची नाही. आताही तशीच बसली. मोठ्या बाईंनी रेडिओकडे पाहिलं, मग टेबलावरच्या काचेकडे, मग परत रेडिओकडे. वाक्य पुरं करायचं तर एकच शब्द उरला होता, आणि तो त्या मुलीच्या तोंडावर म्हणायची त्यांना लाज वाटली. हसू हळूहळू उतरलं.

"आणि हाताला बोट लावून रुमालाला पुसतात," काकू पुढे म्हणाली. "तेही मला कळलं नाही."

मोठ्या बाईंनी गाण्याच्या बाईंना बोलावलं. त्या तणतणत आल्या. पडद्याचा विषय निघताच त्यांनी हात वर केले.

"हा प्रकाशाचा प्रश्न आहे. फोटो उठून दिसायला नकोत? आणि भेदभाव करायचा असता तर मी हिचा आवाज तरी घेतला असता का? उलट केवढी संधी दिली!"

"बरोबर," काकू म्हणाली. "ही सांगते, तबलेवाल्याचा कोट काळा आहे. तो कुठे बसतो?"

"समोर."

"त्याच्या कोटावर प्रकाश पडतो?"

"पडतो की. त्याच्यासाठी वेगळा दिवा लावलाय."

"मग हिच्यासाठी का नाही लावला?"

गाण्याच्या बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं, अगदी झुलपेवालीसारखं. पण त्यांना आवाज द्यायला पडद्यामागे कोणी नव्हतं. रेडिओच्या हे लक्षात आलं आणि तिने ओठ घट्ट आवळून धरले.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "याला गंमत म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या, जणू स्वतःलाच. "याला रंगावरून छळणं म्हणतात. शाळेत ते चालत नाही. आणि काल तुमचे दीर आले, तेव्हा मी..." त्या रेडिओकडे वळल्या. "मी हसले. चुकलं माझं, बाळ."

काकूने 'रंग' हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. ती म्हणाली, "आता काय करणार तेही सांगा. घरी विचारतील."

मोठ्या बाईंनी सांगितलं. त्या मुलाशी आणि हसणाऱ्यांशी त्या स्वतः बोलणार, त्यांच्या पालकांना बोलावणार. वर्गावरच्या बाईंनी हे रोज पाहून न पाहिल्यासारखं का केलं, तेही विचारणार. पुन्हा काही झालं तर रेडिओने सरळ या खोलीत यायचं, मधल्या सुट्टीची वाट बघायची नाही. आणि सूत्रसंचालन, ज्याचा आवाज त्याचंच. झुलपेवालीला हे कळलं तेव्हा ती म्हणे टुणकन उडी मारून म्हणाली, "सुटले! माझे ओठ दुखायला लागले होते."

त्या दिवशी जेवताना काकूने सगळी हकीकत सांगितली. "आम्ही गेलो. मी विचारलं. त्यांना सांगता येईना. मग त्या चूक झाली म्हणाल्या. आम्ही आलो." कोणीही हसलं नाही. वहिनींनी मध्येच उठून तिला मिठी मारली आणि तिच्या ताटातली भाजी सांडली. नियमाप्रमाणे भांडी काकूकडेच यायची. पण आजोबा बाह्या सरसावून मोरीकडे गेले. त्यांनी दोन पेले फोडले, आणि कोणी ब्रेक लावला नाही.

संमेलनाच्या दिवशी घर तिसऱ्या रांगेत बसलं होतं. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याची बटणं ते सारखी चाचपत होते. पडदा सरकला. स्वतःच्या वेगळ्या दिव्याच्या लख्ख उजेडात रेडिओ उभी होती, पिवळ्या फ्रॉकमध्ये, आणि शेवटच्या भिंतीपर्यंत दिसत होती.

"रसिक श्रोतेहो!" ती म्हणाली, आणि माईक विनाकारण आणला असं सगळ्यांना वाटलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "लाईट लावा रे!"

इकडेतिकडे फसफस हसू फुटलं. मोठ्या बाईंनी दम देऊनही पोराची खोड गेली नव्हती. दादा अर्धे उठले. वहिनींनी त्यांचा सदरा धरला, एक बटण तुटून पुढच्या रांगेत गेलं. आता ही हसवणार, काकूला वाटलं. आता ही वीजबिलाचं काहीतरी बोलणार, सभागृह लोळणार, आणि झालं, आपण पुन्हा पडद्यामागे.

रेडिओ थांबली. तिने मान जराशी कलती केली, आणि तो चेहरा बघून काकूच्या नवऱ्याने काकूला कोपर मारलं. तो काकूचाच चेहरा होता, तक्त्याशेजारी उभं राहतानाचा.

"मागून काहीतरी आलं," रेडिओ शांतपणे म्हणाली. "मला ते कळलं नाही. लाईट तर चालू आहे. मग कशासाठी लावायची, कोणी समजावून सांगेल का? मी थांबते."

आणि ती थांबली. सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. तो लांबट मुलगा खुर्चीत खाली खाली सरकत गेला. शेजारी बसलेल्या त्याच्या आईने विचारलं, "काय रे? कशासाठी लावायची?" आणि ते शेवटच्या भिंतीपासून पहिल्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. पहिल्या रांगेत मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. "मलाही कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी माझ्या खोलीत येऊन समजावून सांग. आईलाही आण."

फसफसणारे सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"आभारी आहे," रेडिओ म्हणाली. "तोवर आपण गाणं ऐकू."

आणि तिसऱ्या रांगेत काकूला हसू आलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग एकदम सगळीकडून. तिने पदर तोंडात कोंबला, पदराच्या बाजूने हसू बाहेर आलं. आजोबा घाबरून तिच्या पाठीवर थापा मारू लागले, कारण या आजारात काय करतात हे घराला ठाऊक नव्हतं. वहिनी "शू, शू" करत स्वतःच हसायला लागल्या. तबलेवाल्याचा हात पहिल्याच ठेक्याला चुकला.

रेडिओने माईक जवळ ओढला.

"तिसऱ्या रांगेतल्या काकूंना नम्र विनंती," ती म्हणाली, "त्यांनी कृपया शांतता राखावी."

काकूला ते काही जमलं नाही.